नऊशे साडेबेचाळीस डॉलरची शाळा

अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्याच्या ली काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) लोचापोका नावाचं खेडं आहे. १९१३ मध्ये तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी एक छोटी लाकडी शाळा उभी राहिली. तिचा जमाखर्च असा: जागा विकत घेण्यासाठी गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमवलेले १५० डॉलर. त्यांनीच केलेल्या श्रमदानाची किंमत १३२ डॉलर ५० सेंट. आसपासच्या गोऱ्या रहिवाशांनी दिलेले ३६० डॉलर. आणि शिकागोच्या एका व्यापाऱ्याचे ३०० डॉलर. एकूण ९४२ डॉलर ५० सेंट.

या चार ओळींवर मी बराच वेळ थांबलो. संस्थांसाठी अनुदानाचे अर्ज लिहिण्यात माझी काही वर्षं गेली आहेत, आणि ‘लोकसहभाग’ नावाचा रकाना कसा भरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आधी देणाऱ्याने किती टक्के मागितलेत ते बघायचं, मग उलटा हिशेब करून श्रमदानाचे दिवस काढायचे. लोचापोकाचा आकडा तसा वाटत नाही. उलट्या हिशेबातून एकशे साडेबत्तीस येत नाहीत. एकशे तीस येतात, नाहीतर दीडशे.

शिकागोचा तो व्यापारी म्हणजे ज्यूलियस रोझेनवाल्ड. लोचापोकाच्या साच्यातून पुढच्या वीसएक वर्षांत १५ राज्यांत ५,३५७ इमारती झाल्या. खाजगी फाउंडेशनने गावपातळीवरच्या कामाला पैसे कसे द्यावेत, याचा विषय निघाला की हे उदाहरण हमखास दिलं जातं. बहुतेक वेळा कौतुकाने, आणि ते कौतुक खोटं नाही. पण या शाळांचे पैसे नेमके कोणी भरले आणि किती वेळा भरले, हे बघितलं की चित्र थोडं वेगळं दिसतं.

देणारा

रोझेनवाल्डचा जन्म १८६२ चा, जर्मनीतून आलेल्या ज्यू कुटुंबातला. इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये, लिंकनच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तो वाढला. वडिलांसारखाच कपड्याच्या धंद्यात पडला आणि १८९५ मध्ये मेहुण्याबरोबर सीअर्स, रोबक या कंपनीत भागीदार झाला. घरबसल्या कॅटलॉग बघायचा, टपालाने मागणी करायची, माल घरी येणार, असा तो धंदा. गिऱ्हाईक मुख्यतः खेड्यातलं. पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला आणि प्रचंड श्रीमंत झाला.

शाळांच्या आधी त्याने एक प्रयोग करून बघितला होता. कृष्णवर्णीय तरुणांना शहरांत उतरायला जागा मिळत नसे, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या गोऱ्यांसाठीच्या वसतिगृहांत त्यांना प्रवेश नव्हता. रोझेनवाल्डने जाहीर केलं की ज्या शहरात कृष्णवर्णीयांच्या वायएमसीएसाठी ७५,००० डॉलर जमतील, तिथे वरचे २५,००० माझे. वीसेक शहरांनी हे आव्हान घेतलं. शिकागोच्या वॉबॅश अव्हेन्यूवरची इमारत त्यातलीच. याच इमारतीत १९१५ मध्ये कार्टर वुडसन यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. देणगीदाराच्या कोणत्याही अहवालात आधी लिहून ठेवता येणार नाही असं हे फळ.

बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी त्याची भेट १९११ मध्ये झाली. वॉशिंग्टन गुलामीत जन्मलेले, अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख. पुढच्या वर्षी, १२ ऑगस्ट १९१२ रोजी, पन्नासाव्या वाढदिवसाला रोझेनवाल्डने जवळजवळ सात लाख डॉलर वाटले. त्यातले २५,००० टस्कीगीला मिळाले. टस्कीगीच्या धर्तीवर काम करणाऱ्या लहान संस्थांना ते पुढे द्यायचे होते. वॉशिंग्टन यांनी विचारलं, यातली थोडी रक्कम टस्कीगीच्या आसपास सहा खेड्यांत शाळा बांधायला वापरू का? रोझेनवाल्ड हो म्हणाला.

म्हणजे कल्पना देणाऱ्याची नव्हतीच. त्याच्या डोक्यात संस्था होत्या. घेणाऱ्याने त्या पैशाला खेड्याची वाट दाखवली. रोझेनवाल्डचं मोठेपण मला दिसतं ते इथे, रकमेपेक्षा जास्त. ठरलेल्या कामाबाहेर पैसा वळवू द्या, असं पत्र आज एखाद्या फाउंडेशनला लिहून बघा. सहा महिने उत्तर येत नाही, आणि येतं तेव्हा सोबत सुधारित अंदाजपत्रकाचा नमुना जोडलेला असतो.

सीअर्स तेव्हा घरांचं तयार लाकडी सामानही विकत असे. तेच शाळांना वापरावं, असाही विचार पुढे आला होता. वॉशिंग्टन यांना तो पटला नाही. गावाने गावच्या लाकडाने, गावच्या हातांनी शाळा बांधावी असा त्यांचा आग्रह. दात्याच्याच कंपनीचा माल दात्याच्याच अनुदानातून घेतला जाण्याची वेळ त्यामुळे टळली.

गावात शाळा का नव्हती

१८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळं पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केलं: गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या सोयी वेगळ्या चालतील, फक्त समान हव्यात. दक्षिणेतल्या राज्यांनी ‘वेगळं’ काटेकोरपणे पाळलं. शाळांचा पैसा काउंटीच्या शिक्षण मंडळाच्या हातात, मंडळ गोऱ्यांचं, आणि मतदानासाठी डोईपट्टी आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून कृष्णवर्णीयांना मतदार यादीतून बाहेर काढलेलं. ते कर मात्र भरत होतेच. तो कर एकाच तिजोरीत जाई आणि बाहेर येताना गोऱ्यांच्या शाळेकडे वळे. कृष्णवर्णीय मुलांचा वर्ग चर्चमध्ये नाहीतर गळक्या झोपडीत भरायचा, तोही कापसाची वेचणी सांभाळून वर्षातले काही महिनेच. पालक बहुतेक बटाईने कसणारे. वर्षाअखेर दुकानदाराची आणि मालकाची उधारी वळती केली की हातात उरणार काय?

अशा माणसांपुढे अट ठेवली गेली: आधी तुमचा वाटा आणा.

अटी

पहिल्या सहा शाळांचा अनुभव चांगला आला, तेव्हा १९१४ मध्ये रोझेनवाल्डने आणखी शंभर शाळांसाठी ३०,००० डॉलर कबूल केले. शाळेमागे ३०० डॉलर. १९१७ मध्ये शिकागोत रोझेनवाल्ड फंडाची रीतसर स्थापना झाली आणि नियम घट्ट होत गेले.

गावाने रोख पैसा, लाकूड किंवा श्रम या रूपात एवढं उभं करायचं की फंडाच्या रकमेची भर पडल्यावर इमारत बाकांसकट पूर्ण झाली पाहिजे. अर्धवट भिंती चालणार नाहीत. काउंटीनेही सरकारी पैसा घालायचा, शाळा चालवायची, शिक्षकाचा पगार द्यायचा आणि वर्षाला किमान पाच महिने वर्ग भरवायचे. नकाशा मंजूर असला पाहिजे. जागा किमान दोन एकर हवी. आणि तिचं खरेदीखत सरकारी शिक्षण मंडळाच्या नावावर झालं पाहिजे.

ही शेवटची अट वाचताना कारकुनी वाटते. माझ्या मते सगळ्या योजनेचं मर्म तिथेच आहे. चर्चच्या नाहीतर एखाद्या ट्रस्टच्या नावावर शाळा राहिली असती तर काउंटीने हात झटकले असते: तुमची शाळा, तुम्ही चालवा. मंडळाच्या नावावर जमीन गेली की ती सरकारी शाळा झाली आणि पगार देणं मंडळाला भाग पडलं. फंडाचे तीनशे-चारशे डॉलर एकदाच मिळायचे. पगार वर्षानुवर्षं चालू राहायचा. लोकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन, ज्या मंडळासाठी त्यांना मतही देता येत नव्हतं त्याच्याच हवाली करायची, ही या योजनेची किंमत. आणि लोकांनी ती मोजली.

बोलिगीची सभा

पैसे जमवण्याच्या रीती आपल्याला अनोळखी नाहीत. चर्चमध्ये सभा, बायकांनी डबे करून आणायचे आणि त्यांचा लिलाव, कोंबड्या-अंड्यांचे पैसे बाजूला टाकायचे. शेताचा एक तुकडा ‘रोझेनवाल्डचा तुकडा’ म्हणून राखायचा आणि त्यातल्या कापसाचे पैसे शाळेला द्यायचे. रयत शिक्षण संस्थेच्या आरंभीच्या काळात सातारा भागात घरोघरी फिरून धान्य गोळा होत असे, त्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हे वाचताना घरचंच वाटेल.

अलाबामाच्या ग्रीन काउंटीत बोलिगी नावाचं गाव आहे. तिथल्या सभेचं वर्णन फंडाच्या बांधकाम प्रतिनिधीने लिहून ठेवलंय. गुलामीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, खिशातून तेलकट मळकी पिशवी काढली आणि टेबलावर ओतली. पेनी, निकेल, डाइम, डॉलर यांचा ढीग. मोजले तेव्हा ३८ डॉलर भरले, त्याची आयुष्यभराची सगळी शिल्लक. पतवंडांना तरी संधी मिळालेली बघायची आहे म्हणून असेल ते सगळं देतो, असं तो म्हणाला.

डोळ्यांत पाणी यावं असाच प्रसंग आहे. पण फंडाच्या दफ्तरात अशा गोष्टी जपून ठेवल्या जातात, त्याचं कारणही ओळखून असावं. लोकवर्गणीच्या अटीचं समर्थन दात्याला याच गोष्टींतून मिळतं: बघा, लोकांना किती आस आहे! आस होती यात शंकाच नाही. मात्र त्याच काउंटीतल्या गोऱ्या आजोबाला नातवाच्या शाळेसाठी पिशवी ओतावी लागत नव्हती. ती शाळा करातूनच होई, आणि त्या करात या म्हाताऱ्याचाही हिस्सा होता.

आपल्याकडे नळपाणी योजनांना दहा टक्के लोकवर्गणीची अट आली तेव्हा ठेकेदारानेच ती भरून टाकल्याच्या गोष्टी गावोगाव ऐकू आल्या. अट अशी कागदावर उरली की तिचा उपयोग शून्य. बोलिगीत ती कागदावर उरली नाही आणि उपयोग झाला. तिथे अडचण दुसरी होती: अट खरोखर पाळली गेली आणि ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांच्यावर तिचं ओझं सर्वांत जास्त पडलं.

तपासणी

वॉशिंग्टन १९१५ मध्ये वारले. योजना टस्कीगीच चालवत होती, पण कामाचा पसारा झेपेना. १९१९-२० च्या सुमारास फंडाने शालेय इमारतींचे जाणकार फ्लेचर ड्रेसलर यांना पाहणीसाठी पाठवलं. अहवाल बोचरा होता. नकाशे धाब्यावर बसवलेले, लाकूड कच्चं, देखरेख ढिली. १९२० मध्ये फंडाने कारभार टेनेसीतल्या नॅशव्हिलला हलवला आणि सॅम्युएल स्मिथ या गोऱ्या शिक्षणाधिकाऱ्याकडे सोपवला. कृष्णवर्णीयांच्या संस्थेने जन्माला घातलेली योजना तिच्या हातून गेली. टस्कीगीला हे जिव्हारी लागलं, आणि लागणारच.

इमारती मात्र सुधारल्या. त्या गावांत वीज नव्हती, म्हणून उजेडाचा सगळा विचार खिडक्यांवर. उंच खिडक्यांची सलग रांग, इमारतीचं तोंड असं की वर्गात पूर्वेचा किंवा पश्चिमेचा उजेड यावा, आणि बाकं अशी लावायची की उजेड डावीकडून पडेल, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर येणार नाही. डावखुऱ्यांचा विचार कुणी केला नव्हता. भिंतींचे रंगही ठरवून दिलेले. पार्टिशन सरकवलं की दोन वर्गांचा एक हॉल होई आणि संध्याकाळी गावाची सभा तिथेच भरे. नकाशे छापून मागेल त्याला मिळत. गोऱ्यांच्या शाळांसाठीही ते वापरले गेले. या खिडक्या इतक्या ठळक की आज मोडकळीला आलेली इमारतही त्यांवरून ओळखू येते.

प्रत्येक राज्यात फिरता बांधकाम प्रतिनिधी असे. घोड्यावर, रेल्वेने, चिखलातून गावोगाव जाऊन सभा घेणारा, काउंटीच्या गोऱ्या अधिकाऱ्यापुढे अदबीने बसून त्याच्याकडून सरकारी वाटा काढणारा हा माणूस नसता तर फंडाचा चेक शिकागोतच राहिला असता. अनुदान द्यायला सगळे तयार असतात; त्याच्यामागे पायपीट करणाऱ्याचा पगार द्यायची वेळ आली की ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून भुवया उंचावतात. रोझेनवाल्ड फंडाने या प्रतिनिधींच्या पगाराला हातभार लावला.

हिशेब

१९३२ मध्ये बांधकाम योजना थांबली तेव्हाचे आकडे: ४,९७७ शाळा, २१७ शिक्षकनिवास, १६३ कार्यशाळा. ८८३ काउंट्यांत ६,६३,६१५ मुलांची सोय. सर्वांत जास्त इमारती नॉर्थ कॅरोलायनात, ८१३.

एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात सरकारी पैसा १ कोटी ८१ लाख. फंडाचा ४४ लाखांच्या आत. गोऱ्या देणगीदारांचा १२ लाख. आणि कृष्णवर्णीय लोकांचा ४७ लाख.

फाउंडेशनच्या भाषेत हा यशाचा कळस. आपला एक डॉलर, बाहेरून आलेले साडेपाच. दक्षिणेतल्या मंडळांच्या तिजोरीतून कृष्णवर्णीय मुलांसाठी १ कोटी ८१ लाख काढणं ही त्या काळात किरकोळ गोष्ट नव्हती, आणि आधीच्या अनुभवावरून सांगायचं तर आपणहून ते निघाले नसते.

पण फंडाचा आणि कृष्णवर्णीय लोकांचा आकडा शेजारी ठेवा. दात्यापेक्षा बटाईदारांनी जास्त दिलं. मग ‘मॅचिंग’, म्हणजे दुसऱ्याच्या रकमेला आपल्या रकमेची जोड देणं, नेमकं कोण कोणाला करत होतं? शिवाय सरकारी पैशात त्यांचाच कर मिसळलेला, आणि त्यावर पुन्हा ४७ लाखांची वर्गणी. एकाच शाळेसाठी दोनदा पट्टी भरली त्यांनी. गोऱ्यांच्या शाळांच्या बरोबरीने पैसा मिळावा म्हणून फंडाने मंडळांशी भांडण काढलं नाही. वेगळ्या शाळांची व्यवस्था गृहीत धरून तिच्या आत जे जमेल ते केलं. भांडला असता तर एकही शाळा झाली नसती, असं त्याचे समर्थक म्हणतात. मलाही तसंच वाटतं. पण त्यामुळे दुसरी पट्टी न्याय्य ठरत नाही.

परिणामाचं म्हणाल तर तो मोजला गेला आहे. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थतज्ज्ञ डॅनियल आरॉन्सन आणि भाष्कर मजुमदार यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन महायुद्धांमधल्या काळावर नजर टाकली आहे. त्या काळात दक्षिणेतल्या ग्रामीण कृष्णवर्णीय मुलांचं शिक्षण झपाट्याने वाढलं आणि त्या वाढीत रोझेनवाल्ड शाळांचा वाटा मोठा होता, असं त्यांना आढळलं. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुइस अशाच शाळेत शिकले, कवयित्री माया अँजेलूही.

फंड संपवण्याचा नियम

कायमस्वरूपी निधीवर रोझेनवाल्डचा विश्वास नव्हता. मेलेल्या माणसाच्या इच्छेने पुढच्या पिढ्यांचे हात बांधू नयेत, प्रत्येक पिढीचे प्रश्न तिच्याच पैशाने सुटावेत, असं तो उघडपणे लिहायचा. १९२८ मध्ये फंडाची पुनर्रचना करताना त्याने अट घातली की माझ्या मृत्यूनंतर २५ वर्षांत व्याज आणि मुद्दल दोन्ही संपलं पाहिजे. एडविन एम्ब्री तेव्हा फंडाचे अध्यक्ष झाले. पुढे फंडाच्या शिष्यवृत्त्या कवी लँग्स्टन ह्यूज, कादंबरीकार राल्फ एलिसन, गायिका मॅरियन अँडरसन अशांना मिळाल्या. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सगळी पुंजी मात्र एकाच कंपनीच्या शेअरमध्ये होती, ज्या कंपनीने दात्याला श्रीमंत केलं तिच्याच. १९२८ मध्ये जवळजवळ २०० डॉलरला विकला जाणारा सीअर्सचा शेअर १९३२ मध्ये १० डॉलरच्या आसपास आला. कबूल केलेल्या रकमा तिजोरीतल्या पैशापेक्षा जास्त झाल्या आणि त्या पुऱ्या करायला फंडाला इतर फाउंडेशनांची मदत घ्यावी लागली. गावाकडे आधी वाटा दाखवण्याचा आग्रह धरणाऱ्या संस्थेचाच वाटा ऐनवेळी कमी पडला. रोझेनवाल्ड त्याच वर्षी, जानेवारीत वारला. त्यानंतरची एक शेवटची शाळा १९३७ मध्ये जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्सला झाली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने. मुदतीच्या बरंच आधी, १९४८ मध्ये फंडाने आपलं दार लावून घेतलं.

जमिनीचं खरेदीखत

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. मुलं एकत्र आणायला काउंट्यांनी दहा-पंधरा वर्षं टाळाटाळ केली, आणि आणली तेव्हा बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या शाळा. तिथल्या कित्येक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. इमारती ओस पडल्या, कोठारं झाल्या, कोसळल्या. २००२ मध्ये राष्ट्रीय वारसा जपणाऱ्या संस्थेने रोझेनवाल्ड शाळांचा समावेश देशातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या ठिकाणांच्या यादीत केला. आज पाच हजारांतल्या पाचशेच्या आसपास उभ्या आहेत.

आणि इथे ती जुनी अट पुन्हा पुढे आली. जमीन मंडळाच्या नावावर. लोकांनी पै-पै करून घेतलेली जागा, त्यांच्या हातांनी उभारलेली इमारत, पण कागदोपत्री ती काउंटीची, म्हणून काउंटी ती विकू शकत होती. व्हर्जिनियातल्या कंबरलँड काउंटीत १९१७ मध्ये बांधलेली पाइन ग्रोव्ह शाळा १९६४ मध्ये बंद झाली. तिथे शिकलेल्यांच्या कुटुंबांनी पैसे गोळा केले आणि आपलीच शाळा विकत घेतली. दक्षिणेत आणखीही अनेक ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी आणि चर्चच्या मंडळींनी असंच केलं. आजी-आजोबांनी आधी कर भरला होता, मग वर्गणी दिली होती. नातवंडांनी लिलावात बोली लावली.